ऑफिस पुन्हा सुरू होतंय, कुत्रीला एकटं राहायची सवय कशी लावावी?

चौथा_मजला_वाकड
कुत्री गावठी आहे, अडीच वर्षांची, नसबंदी झालेली. आजवर 40 मिनिटांपेक्षा जास्त कधी एकटी राहिलेली नाही. 25 दिवसांनी आम्हा दोघांचंही ऑफिस आठवड्यातून चार दिवस, सकाळी 9 ते संध्याकाळी साडेसहा. परवा कॅमेरा लावून दोन तास बाहेर राहिलो. सहाव्या मिनिटाला कण्हायला लागली, अकराव्याला भुंकणं सुरू, मग दाराची चौकट ओरबाडली. वाटीत चिकनचे तुकडे ठेवले होते, त्यांना तोंड लावलं नाही; आम्ही परत आल्यावर एका दमात संपवले. शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपतात. बाथरूममध्ये किंवा पिंजऱ्यात ठेवावं असं काही जण सुचवतात. घरात सहा वर्षांचा बोकाही आहे. काय करावं?

शेपूट_आणि_साखळी
चिकन तसंच राहिलं ही तुमच्या व्हिडिओतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कंटाळलेला कुत्रा आधी वाटी चाटूनपुसून मोकळी करतो आणि मग चपला फाडतो. घाबरलेल्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणजे हा खोडकरपणा नाही, भीती आहे. ती ओरडून जात नाही आणि "रडून रडून गप्प बसेल" म्हणूनही जात नाही.

व्हिडिओ पुन्हा बघा, आवाज बंद करून. कण्हण्याच्या आधी काय दिसतं? सारखी जीभ ओठांवरून फिरणं, झोप नसताना जांभया, पंखा चालू असूनही धापा, दाराच्या फटीला नाक लावून उभं राहणं. यातलं पहिलं लक्षण ज्या मिनिटाला दिसेल, ती तिची आजची मर्यादा. समजा चौथं मिनिट निघालं, तर सराव दोन मिनिटांपासून.

त्याआधी किल्ल्या आणि बूट, म्हणजे तुमच्या जाण्याच्या खुणा. दिवसातून आठ-दहा वेळा किल्ल्या उचला आणि सोफ्यावर बसा. बूट घाला, चहा करा. ऑफिसची बॅग खांद्याला लावून घरातच फिरा. किल्ल्यांचा आवाज झाला तरी ती मान वर करत नाही, इथवर आलं की बाहेर पडायचं.

रोज सरावाची एकच बैठक, पाच-सहा फेऱ्या (बाहेर जाऊन परत आत येणं म्हणजे एक फेरी). वेळ सरळ वाढवू नका: 2 मिनिटं, 1, 3, 2, 4, 1 अशी वरखाली ठेवा. प्रत्येक वेळी मोठी होत गेली तर ते तिच्या लगेच ध्यानात येतं. फोनवर कॅमेरा चालू ठेवा आणि पहिलं लक्षण दिसण्याआधी आत या. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या थोडं खालून सुरुवात. पहिली 30-40 मिनिटं गाठायलाच सर्वाधिक दिवस लागतात. दीड तास शांत गेला की पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवता येतं.

25 दिवसांत साडेनऊ तास होणार नाहीत, हे आत्ताच धरून चाला. सराव चालू असताना तिला मर्यादेपेक्षा जास्त एकटं ठेवलं तर आठवड्याची मेहनत एका दुपारी वाया जाते. चार दिवसांची सोय आधी लावा: दोघांचे ऑफिसचे दिवस शक्य तितके वेगळे घ्या, उरलेल्या दिवशी आजी-आजोबा, कुत्र्यांचं पाळणाघर किंवा घरी येऊन बसणारं माणूस.

चौथा_मजला_वाकड
ती भुंकत असताना दार उघडलं तर भुंकलं की हे येतात, असं शिकणार नाही का?

शेपूट_आणि_साखळी
नाही. बिस्किटासाठी भुंकणं वेगळं. ही घाबरून भुंकते आहे, तेव्हा लगेच आत जा आणि पुढची फेरी निम्म्या वेळाची करा.

पशुवैद्य_नाशिक
बाथरूम नको, पिंजराही नको. कोंडल्यावर अशी कुत्री गजांवर दात मोडून घेतात, नखं उपटून घेतात. पिंजऱ्यात स्वतःहून झोपणारी असेल तर गोष्ट वेगळी, तरी दार उघडं ठेवा.

सरावासोबत औषधाचा विचार आत्ताच करा, शेवटचा उपाय म्हणून मागे ठेवू नका. फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन (दोन्ही भीती कमी करणारी औषधं) रोज द्यावं लागतं आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. दोन्ही एकत्र कधीच नाही. गोचिडांसाठी अमिट्राझ वापरत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, या औषधांबरोबर ते धोकादायक आहे. डोस वजन आणि रक्ततपासणी बघूनच. नुसतं ॲसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध देऊन गप्प करू नका: अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते.

सकाळची_फेरी
वेळापत्रक आजपासून सरकवा, रोज 15 मिनिटं: उठणं, फेरी, जेवण. सकाळची फेरी 40-45 मिनिटांची, लांब दोरीवर, तिला हवं तिथे हुंगू द्या. हुंगण्याने कुत्रं दमतं, बॉलमागे धावून उलट चेकाळतं. मग जेवण, आणि निघण्याआधी किमान अर्धा तास शांतता.

रबरी खेळण्यात दही-भात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हे खेळणं तुम्ही घरात असतानाही द्या, नाहीतर तेच तुमच्या जाण्याची खूण ठरेल. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट नको; पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात, कुत्र्यांना विषारी) नाही ना, ते डब्यावर वाचा.

दुपारी शू करायला नेणारं माणूस हवंच. बेल बंद ठेवा, पार्सल वॉचमनकडे. बाल्कनीचं दार लावलेलं, पाण्याची दोन भांडी. शेजाऱ्यांना आजच भेटून सराव किती वाजता चालेल ते सांगा.

खिडकीतली_मनी
बोक्याकडे दुर्लक्ष नको. त्याची जेवणाची वेळही रोज 15 मिनिटांनीच बदला, कुत्री चढणार नाही अशा उंचीवर एक फळी द्या आणि त्याच्या शी-शूच्या मातीचे ट्रे दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. घरातल्या ताणाने बोक्यांच्या लघवीचा त्रास उफाळतो. तो वारंवार ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय आणि माती कोरडीच आहे, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. लघवी तुंबली तर दोन दिवसांत जीव जातो. ऑफिसमधून आल्यावर बूट काढायच्या आधी ट्रे बघत जा.