मॅडिसनच्या आठवणी लिहा ना

सुमती_वाई
आज बर्फाचा ट्रे पिळला, कडकन वाजला आणि एकदम मेंडोटा तळं आठवलं. दहा वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला मॅडिसनला गेले होते, विस्कॉन्सिनची राजधानी. जानेवारीत अख्खं तळं गोठलेलं. लोक त्यावर चालतायत, भोकं पाडून मासे धरतायत. जावई म्हणाले, "आई, या ना." पण तळ्याच्या पोटातून गुरगुर यायची, पाऊल उचलेना. आम्ही कृष्णाकाठचे, पाण्यात पाय घालायच्या आधी हात जोडायची सवय. तिथेही जोडले, मग उतरले.
कुणी राहिलंय का तिथे?

चकली२२
शनिवारचा बाजार!! कॅपिटॉलभोवती, म्हणजे तिथल्या विधानभवनाभोवती भरतो, १९७२ पासून. सगळे घड्याळाच्या उलट फिरतात. मी प्रदक्षिणेच्या सवयीने निघाले तर गर्दी समोरून. एका आजींनी हाताला धरून वळवलं. आणि ताजे चीज कर्ड, म्हणजे चीजचे छोटे तुकडे, दाताखाली कुरकुर वाजतात. मुलगा अजून मागतो.

ओंकार_पी
आम्ही २०११ ला होतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटीच्या हक्कांसाठी आंदोलन झालं, लोक कॅपिटॉलच्या संगमरवरी फरशीवर झोपायचे. शिक्षक, विद्यार्थी, अग्निशमनवाले. मी रात्री सहज आत गेलो, कुणी अडवलं नाही. विधानभवन लोकांचं असतं हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.
घुमट लांबूनही दिसतो, कारण एक मैलाच्या आत त्याच्या खांबांच्या पायथ्याहून उंच बांधायला कायद्याने मनाई आहे.

मीरा_दिवाण
सुमतीताई, वाईत कुठे? माझं आजोळ गंगापुरीत.

सुमती_वाई
अगं मीही गंगापुरीतलीच! व्यक्तिगत निरोप कर.

रानफूल
बाबा गेले तेव्हा मी तिथे शिकत होते. तिकीट मिळालं नाही. रात्रभर युनियनच्या, म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्राच्या टेरेसवर, त्या सूर्याच्या नक्षीच्या खुर्चीत, तळ्याकडे बघत बसले. शेजारच्या अनोळखी मुलीने काही न विचारता कॉफी आणून ठेवली. इतकंच.

चकली२२
रानफूल 🙏 मिठी तुला.

जोशीकाका
हरगोविंद खोरानांना १९६८ चं नोबेल मिळालं तेव्हा ते मॅडिसनलाच होते. जनुकांची भाषा उलगडण्याचं काम तिथलंच. आमच्या पिढीला फार अभिमान.
मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव आहे. मूळचे हो-चंक लोक त्या परिसराला 'चार तळी' म्हणतात.
आणि सुमतीताई, ती गुरगुर बर्फाचीच. थंडी वाढली की तो आकसतो, ऊन पडलं की पसरतो, तडे जातात. जाड बर्फही आवाज करतो.

सुमती_वाई
काका, दहा वर्षं मनात होतं हो. आज फोनवर नातवाला सांगते, तो आता तिथेच स्केटिंग करतो.
दूध उतू चाललंय, आलेच.