सोलापूरच्या नळाला शिशाची तपासणी हवी, की आधी रोज पाणी?

विडी घरकुलची आई
आमच्या विडी घरकुल वसाहतीत चार दिवसांआड पाणी सुटतं. पहिल्या दोन-तीन घागरी पिवळट येतात, त्या धुण्याला काढायच्या आणि निवळ धार लागली की प्यायचं भरायचं, ही सासूबाईंपासूनची पद्धत. पण निवळ दिसलं म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं? शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तर थोडं आटतं, शिसं मात्र तेवढंच मागे राहतं. क्लोरीनने ते जात नाही, तुरटीने घरी काढता येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. फ्लोराइडला 1 वरून 1.5 पर्यंत सवलत आहे, शिशाला काहीच नाही. पोटात गेलेल्या शिशातलं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. अंगणवाडीत लोहाचं औषध देतात ना? मग त्याच पोरांच्या पाण्यात काय आहे ते बघायला नको?

म्हणून माझी मागणी आहे: शाळा, अंगणवाड्या आणि प्रत्येक प्रभागातली काही घरं घ्या, तोटीतलं पाणी शिशासाठी तपासा आणि आकडे लोकांपुढे ठेवा.

पूर्व भागातला
ताई, तुमची काळजी खरी आहे, पण क्रम चुकायलाय. शिसं वर्षानुवर्षं साठून त्रास देतं, गटारीचं पाणी दोन दिवसांत पोराला सलाइनवर नेतं. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा पहिल्यांदा तेच आपल्या घागरीत येतं. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याला जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही बोट पाण्याकडेच गेलं होतं.

उजनी 117 टीएमसीचं धरण, तिथून शंभरावर किलोमीटर पाणी आणायचं आणि शेवटी ते चार दिवस पिंपात साठवून प्यायचं! पैसा आहे तो रोज पाणी द्यायला लावा. लाइन कायम भरलेली राहिली की निम्मी घाण बाहेरच राहील.

जुळे सोलापूरकर
दोघंही शेवटच्या टोकाला बघताय. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. जलपर्णी आणि हिरवं पाणी आपण दर वर्षी बघतो. तपासायचं तर धरणावर तपासा, भांडायचं तर वरच्यांशी भांडा. घरात आरओ बसवा, शिसंही जातं आणि क्षारही.

विडी घरकुलची आई
विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला आरओ बसवा म्हणणं सोपं आहे. त्याची मेंब्रेन कोण बदलणार? आणि आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त फेकतो. चौथ्या दिवशी मिळालेलं पाणी मोरीत सोडू?

रसायन शिकवणारी, होटगी रोड
धरणावरच्या तपासणीत शिसं सापडलं नाही, तरी नळाला ते नसेल असं म्हणता येत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवायला डेट्रॉइटचं पाणी बंद करून नदीचं घेतलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही. शिसं नदीत नव्हतं, ते जुन्या पाइपांतून सुटलं. लोक तक्रार करत होते, अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचं सांगत होते. 2015 मध्ये मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातले आकडे मांडले, तेव्हा कुठे पाणी बदललं.

आपल्याकडे तसे शिशाचे पाइप सहसा नाहीत आणि पाणीही जड आहे. आत क्षारांचा थर बसतो, त्याने शिसं कमी विरघळतं. हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण थांबून-थांबून येणाऱ्या पाण्याचा दाब बसला की तोच थर सुटून कण नळात येतात. पहिली पिवळट घागर म्हणजे बहुधा असाच गंज आणि गाळ. त्यात शिसं आहे का, हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही.

प्लंबर, लष्कर भाग
वीस वर्षं हेच काम करतोय. स्वस्तातली पितळी तोटी आतून कशाची असते ते दुकानदारालाही माहीत नसतं. पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात शिसं घालतात. पीव्हीसी पाइपातही शिसं असायचं, त्यावर केंद्राने 2021 मध्ये नियम आणले, पण त्याआधीचे पाइप भिंतीत तसेच आहेत. आणि घरातली कल्हईची भांडी? कथलात शिसं मिसळलेलं असलं तर पाणी त्याच्यातच रात्रभर.

पूर्व भागातला
मग हा दोष ज्याच्या-त्याच्या घरातला झाला. त्यासाठी सगळ्या शहराचा पैसा का घालायचा?

विडी घरकुलची आई
घरातला असेल तर निदान मला कळू दे! तोटी बदलायला मी दोन दिवसांच्या विड्या घालीन. पण आंधळेपणाने काय-काय बदलू? आणि शाळेची तोटी कुणाच्या घरातली?

रसायन शिकवणारी, होटगी रोड
खर्चाचं सांगते. गावात बायांना दिलेल्या पाणी तपासायच्या किटवर फ्लोराइड, नायट्रेट कळतं, शिसं नाही. त्याला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. म्हणून सगळं शहर नको, शाळा आणि अंगणवाड्या आधी. आणि नमुना नीट घ्यायला हवा. रात्रभर न वापरलेल्या तोटीतून सकाळचं पहिलंच पाणी, 250 मिली, आधी धार न सोडता. पाच मिनिटं नळ सोडून बाटली भरली तर आकडा छान येईल आणि खोटा असेल. दुसरी बाटली धार सोडल्यावर भरायची. पहिलीत शिसं, दुसरीत नाही, तर दोष तोटीचा. दोन्हीत असेल तर मागच्या लाइनकडे आणि टाकीकडे बघायचं.

पूर्व भागातला
शाळांपुरतं असेल तर माझा विरोध नाही. पण त्याच वेळी त्याच तोटीतून जंतूंचीही बाटली भरा, आणि क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम उरतंय का तेही लिहा. रोज पाण्याची मागणी मी सोडणार नाही.

विडी घरकुलची आई
भरू की. आमच्या शाळेत टाकीचं पाणी असतं, सोमवारी सकाळी रविवारभर थांबलेलं. प्रार्थनेआधी मी जाते. बाटल्या कुठून आणायच्या, तेवढं सांगा.

रसायन शिकवणारी, होटगी रोड
शिशाची बाटली आणि जंतूंची बाटली वेगळी लागते, जंतूंची निर्जंतुक केलेली. दोन्ही प्रयोगशाळेतूनच घ्या, घरची धुतलेली चालणार नाही. सोमवारी मी येते.