अनुभव धागा : यंत्र नेमकं कुठे अडवतं?

मंडळी, एटीएम, पासबुक छापणारं यंत्र, लोकलच्या तिकिटाचं एटीव्हीएम, पंपावरचं हवेचं यंत्र... पाठीमागे रांग आणि समोरचा पडदा ढिम्म. नुसतं 'वैताग आहे' लिहू नका. कुठे अडतं, का अडतं आणि सुटायचं कसं, तेवढं लिहा. बँकांची नावं नकोत.

*

कडेला बटणं असलेलं एटीएम. पडदा चौकटीच्या आत खोल बसवलेला असतो, बटणं बाहेर चौकटीवर. उभ्या माणसाची नजर वरून तिरकी पडते, म्हणून प्रत्येक ओळ असते त्यापेक्षा वर दिसते. 'बचत' दाबायला जावं तर त्याच्या वरचं 'चालू' दाबलं जातं. मग यंत्र निवांत पिन घेतं, रक्कम घेतं, आत घरघर करतं आणि शेवटी व्यवहार नाकारतं. उंच माणसांना हा त्रास जास्त. थोडं वाकून डोळे पडद्याच्या पातळीला आणले की ओळ आपल्या बटणासमोर येते.

दुसरी गोची नोटांची. शंभराचा कप्पा रिकामा आहे हे यंत्राला आधीपासून ठाऊक असतं, पण आपल्याला सांगतं ते १३०० टाकल्यावर. सरळ ५००च्या पटीत मागावं. नोटा नसल्यामुळे फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. खात्यात शिल्लक नसल्यामुळे फसला तर मात्र ही सवलत नाही, उलट दंड बसू शकतो.

*

वरच्याला जोड. खात्यातून पैसे गेले आणि हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. घोडं अडतं पावतीपाशी. 'पावती हवी का?' विचारणार, 'हो' म्हटलं की कागद संपला म्हणणार! अशा वेळी यंत्रावर चिकटवलेल्या पट्टीवरचा एटीएम क्रमांक फोटोत घ्या. फोटोवर वेळही आपसूक नोंदली जाते.

*

ज्या तिकीटयंत्राच्या काचेभोवती उंच काळी कड दिसते, तिथे स्पर्श काचेला कळत नाही. कडेतून अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांची जाळी काचेवरून जाते. बोटाने किरण अडले की यंत्राला जागा समजते. मग ते बोटच आहे की ओढणीचं टोक, पिशवीचा पट्टा, बांगडी, हे त्याला कसं कळणार? 'दादर'वर बोट आणि मनगट चौकटीवर टेकलेलं, म्हणजे यंत्राच्या लेखी दोन बोटं. कोपऱ्यात धुळीचा गोळा बसला असेल तर तिथे कायमचंच कुणीतरी दाबून धरल्यासारखं होतं आणि बाकीचा पडदा मेल्यासारखा वागतो. रुमालाने आधी काचेच्या चारही कडा पुसा, मधली काच नंतर. मग एकच बोट, काटकोनात, मनगट अधांतरी.

एटीव्हीएमचं स्मार्ट कार्ड तिकीट बाहेर येईपर्यंत जागेवरून उचलू नये. पैसे वळते झाले की काम झालं असं वाटून लोक कार्ड काढतात, पण छपाई त्यानंतर असते.

*

पासबुकाचं यंत्र आपलं पान 'वाचतं' हा गैरसमज आहे. अनेक यंत्रं वाचतात फक्त बारकोड. शेवटची ओळ कुठे छापली ते बँकेच्या संगणकातून येतं. त्यामुळे चुकीचं पान उघडून घातलं तरी यंत्र बिनतक्रार छापतं, जुन्या नोंदींच्या उरावर. शेवटची छापील ओळ डोळ्यांनी बघूनच पान उघडा. बारकोडवर चिकटपट्टी लावू नका, चकाकीने तो वाचला जात नाही.

*

पंपावरचं डिजिटल हवेचं यंत्र : आकडा टाकण्याआधी एकक पाहा. बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची एककं, २.२ बार म्हणजे साधारण ३२ पीएसआय. एकक बदलायचं बटण अधिक-उणेच्या शेजारीच असलं की चुकून दाबलं जातं. नळी लावली की यंत्र आपोआप सुरू होतं, पण टायर पार बसला असेल तर नळीत दाबच येत नाही आणि यंत्राला वाटतं टायर जोडलेलाच नाही. तिथे 'फ्लॅट' बटण लागतं. नेमकी त्याचीच अक्षरं पुसलेली असतात. बीप वाजेपर्यंत नळी काढू नका. आणि लांबून आल्यावर टायर गरम असताना आकडा जास्त दिसला, तर हवा सोडू नका.

*

नाणं टाकून पाणी घ्यायचं यंत्र नाणं परत देतं तेव्हा तेच नाणं पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. यंत्र शिकवलेल्या मापांशी नाणं ताडून पाहतं. दहाच्या नाण्याचे १४ नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं, यंत्राला ते सगळे शिकवलेले असतीलच असं नाही. पाचचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, नंतरचं पिवळं ६ ग्रॅमचं, व्यास मात्र दोन्हींचा २३ मिलिमीटर. दुसऱ्या नमुन्याचं टाकून बघा.

*

अंध ग्राहकांबद्दल. जुलै २०१४ पासून बसवलेली सगळी नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कळफलकाची हवीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. इअरफोन तारेचा न्यावा. जॅकच्या भोकात कागद कोंबलेला नाही ना, हे बोटाने चाचपा. कळफलकावर पाचच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. बटणांचे हिरवा, पिवळा, लाल हे रंग इथे निरुपयोगी.

खरी पंचाईत दुकानांतल्या काचेच्या कार्डयंत्रांची. गुळगुळीत काचेवर पाच कुठे आहे हे बोटाला कळायला काही खूणच नाही, आणि पिन दुकानदाराला सांगणं हा काही उपाय नव्हे. कार्डावर टॅपची (कार्ड आत न घालता नुसतं यंत्राला टेकवायची) सोय सुरू करून घ्या, ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. रक्कम मात्र टॅप करण्याआधी मोठ्याने वाचून घ्यायला लावा.