भाडे नियंत्रणाचं संरक्षण फक्त वाड्यांपुरतंच का?

वारजेकर:
दर मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर टेम्पो लागतात. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडं थेट तीन-चार हजारांनी वाढवतो आणि ज्यांना परवडत नाही ते नऱ्हे-आंबेगावकडे सरकतात. मुलांच्या शाळा बदलतात. उलट पुण्यात शनिवार, नारायण, कसबा पेठेतल्या वाड्यांमधल्या जुन्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. एरवी वर्षाला ४ टक्क्यांच्या वर भाडेवाढ नाही, कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणी बाहेर काढू शकत नाही, आणि सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क पुढे जातो. भाडं दोघंही भरतात. आमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनाही, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्यांनाही, भाडेवाढीची मर्यादा आणि निदान तीन वर्षांची हमी मिळालीच पाहिजे.

वाडामालक_सदाशिव:
तीव्र असहमत. हे संरक्षण कोणाच्या खिशातून जातं, ते आधी बघा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली. ते गोठवणं आता अवाजवी झालंय, असं १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं. मग १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पण ४ टक्के कशावर? पन्नास रुपयांवर दोन रुपये! आमच्या वाड्याची एक तुळई वाळवीने पोखरलीय, खाली टेकू लावलाय. आठ बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं गोळा केलं तरी सुताराची मजुरी निघत नाही. हीच गत फ्लॅटवाल्यांची करायची आहे का?

कसब्यातली:
मी वाड्यातली भाडेकरू. टेकूचं दुःख खरं आहे, पण त्याच तुळईखाली आम्हीही झोपतो. मालकाला जागा खरंच स्वतःसाठी हवी असेल तर कलम १६ खाली दावा लावता येतो. मात्र तिथे जास्त अडचण कोणाची होईल, हेही कोर्ट बघतं. खोली सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने बंद ठेवली, परवानगीविना पोटभाडेकरू घातला, तरी ताबा जाऊ शकतो. कायदा एकतर्फी नाही. माझी सासू म्हातारी आहे. हे संरक्षण नसतं तर ती आज कुठे गेली असती?

शिवाजीनगर_कोर्ट:
वकिली करतो म्हणून थोडं सविस्तर. जुन्या भाडेकरूचं भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूने ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह भरली, तर त्या कारणावरून ताबा जात नाही. पाणी-वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही.

लायसन्सवाल्याचं तसं नाही. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली लायसन्स फीच्या, म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या, दुप्पट भरपाई आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) झटपट कारवाई. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर घर सोडण्याचा आदेश निघतो.

पण कलम ५५ बहुतेकांना माहीत नसतं. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरी केलेल्या कागदावर विसंबू नका.

औंधकर_निवृत्त:
माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या भाड्यावर आमचं औषधपाणी चालतं. तीन वर्षांची सक्ती झाली तर मी कुलूप लावून ठेवीन, पण भाड्याने देणार नाही. माझ्यासारखे शेकड्यांनी आहेत. मग बाजारात घरंच कमी होतील आणि भाडी आणखी चढतील. आज लोक निर्धास्तपणे घरं देतात ती कलम २४ मुळेच.

वारजेकर:
काका, तुमची भीती समजते. पण अकरा महिन्यांचाच करार करा असं कायदा कुठे म्हणतो? ६० महिन्यांपर्यंतच्या करारालाही मुद्रांक शुल्क ०.२५ टक्केच आहे. वाढ किती ते आधीच लिहून तीन वर्षांचा करार करा. भाडं थकलं तर बाहेर काढायचा हक्क तुमच्याकडे राहू दे. मला वाड्यासारखा पिढ्यान्‌पिढ्यांचा ताबा नकोय. मुलीची दहावी एका घरात व्हावी, एवढंच मागतोय.

औंधकर_निवृत्त:
लिहून द्यायला माझी ना नाही. सरकारने सक्ती करू नये, यावर मात्र मी ठाम आहे.

कसब्यातली:
सक्ती नसेल तर किती मालक लिहून देतील? आमच्या सासऱ्यांना तरी हे संरक्षण कोणी आपणहून दिलं नव्हतं.