आधी भिंती, मग बोट

ताई, घराची बाहेरची बाजू अर्धवट असताना इंग्लंडातल्या कालव्यावर नॅरोबोट (म्हणजे राहता येईल अशी लांबट, अरुंद बोट) घेऊन राहायला जावं का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही नेमकं तेच केलं. जमतं, पण दमछाक होते.

आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, भरीव विटांचं. आधीच्या मालकाने दरजांत सिमेंट भरलेलं. त्यामुळे ओल आतच कोंडायची आणि विटांचे पापुद्रे सुटायचे. सगळं खरवडून चुना भरायचा ठरला. चुन्याला घाई चालत नाही. पारा ५ अंशांच्या खाली गेला की काम बंद, आणि भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. ऑक्टोबर उजाडला तरी आमची परांची उभीच!

इकडे बोटीला कायमचा धक्का, म्हणजे बांधून ठेवायची हक्काची जागा, नव्हती. कायमचा धक्का नसलेल्या बोटीच्या परवान्यावर एका ठिकाणी साधारण १४ दिवसच थांबता येतं, मग पुढे सरकायचं. दर पंधरवड्याला घर आणखी लांब. नखांत चुना, हातात लॉकची (बोट वर-खाली नेणाऱ्या कालव्यातल्या पाण्याच्या दरवाजांची) किल्ली, आणि शेवटची बस चुकलेली, अशी एक संध्याकाळ अजून आठवते.

शिवाय नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी बरीच लॉक्स आळीपाळीने बंद असतात. त्यामुळे निदान पहिल्या हिवाळ्यापुरता घराजवळ भाड्याचा धक्का बघाच. आणि हो, सामान आत्ताच कमी करा. बोट जेमतेम ७ फूट रुंद असते, तुमचं ते सागवानी कपाट दारातूनच परत येईल.