अंग ठणकलं म्हणजे स्नायू वाढला असं नाही

दादा, तुम्ही वर लिहिलंय की दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं नाही तर व्यायाम वाया गेला. आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या तालमींतही हेच ऐकवतात, आणि त्यापायी भरतीची तयारी करणारी पोरं ठणकत्या मांड्यांनी रोज बैठका मारत राहतात. बघून जीव तुटतो.

स्नायू वाढायला तो फाटावा लागत नाही. तंतूंवर ताण पडला की पेशी तो ओळखते आणि नवी प्रथिनं बांधायला घेते. हे काम साधारण 24 ते 48 तास जोरात चालतं. तंतू जाड होतात, लगतच्या उपग्रह पेशी, म्हणजे तंतूंना चिकटून असलेल्या राखीव पेशी, त्यांना नवी केंद्रकं पुरवतात. ठणका बहुतेकदा सवय नसलेल्या हालचालीचा असतो, विशेषतः बैठकीत खाली जातानाचा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. दंड तेवढाच दिसला तरी व्यायाम सोडू नका.

आणि पाचशे बैठकांनी वाढतो तो मुख्यतः दमसास. आकार हवा तर वजन वाढवत न्या, खांद्यावर जोडीदार घ्या. शेवटच्या दोन-तीन बैठका जड गेल्या पाहिजेत. प्रथिनं शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास. मूठभर शेंगदाण्यांवर हे भागत नाही; दूध, अंडी, हुलग्याची उसळ रोज ताटात हवी.