१९३१ ची मीन्स टेस्ट ही शिस्त नव्हती

टाइनकाठ (धागाकर्ती)

परवा दुसऱ्या धाग्यावर 'हिशेबी' यांनी लिहिलं: "१९३१ ची मीन्स टेस्ट हीच खरी शिस्त. घरात कमावता असेल तर सरकारने भत्ता का द्यावा? १९४८ ला ती शिस्त मोडली आणि ब्रिटन ऐतखाऊ झाला." (मीन्स टेस्ट म्हणजे बेकाराला भत्ता देण्याआधी अख्ख्या घराच्या उत्पन्नाची तपासणी; १९४८ म्हणजे ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सामाजिक विमा आणि मोफत आरोग्यसेवा सुरू झाली ते वर्ष.) वाचून डोकं तडकलं. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी न्यूकॅसलला राहते, जॅरो इथून जवळच. पामर्सचा जहाज कारखाना हाच त्या गावाचा पोशिंदा होता. जहाजबांधणी कंपन्यांनीच मिळून काढलेल्या संस्थेने तो विकत घेतला, बंद केला आणि ४० वर्षं तिथे जहाज बांधायचं नाही अशी अट घातली. म्हणजे माणसं काम करायला तयार होती आणि कामालाच बंदी होती. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्यातली २०० जणं लंडनपर्यंत चालत गेली, जवळपास ३०० मैल. खासदार एलेन विल्किन्सन यांनी त्यांचा अर्ज संसदेत दिला. पंतप्रधान बाल्डविन भेटलेही नाहीत. घरी परतले तर भत्ता कापलेला, का तर चालत असताना हे लोक 'कामासाठी उपलब्ध' नव्हते!

आता तुमची शिस्त. बेकारी विम्याचा भत्ता २६ आठवड्यांत संपला की मीन्स टेस्ट सुरू. माणूस घरी येऊन बघणार: कोण किती कमावतं, शिल्लक किती, विकण्यासारखं सामान काय. मुलगा कामाला लागला की त्याचा पगार धरून बापाचा भत्ता कमी. माझ्या शेजारच्या आजी (आता नाहीत) सांगायच्या, त्यांचा थोरला भाऊ बेकरीत लागला आणि महिन्याभरात त्याला मावशीकडे राहायला पाठवावं लागलं, म्हणजे तो घरात मोजला जाऊ नये. जेवायला तो अंधार पडल्यावर मागच्या दाराने यायचा. आळीतलं कुणी निनावी पत्र पाठवेल ही धास्ती. कमावत्या पोराला घराबाहेर काढते ती कसली शिस्त?

आणि ऐतखाऊ कोण झालं? १९४८ नंतर, अख्ख्या पन्नाशीच्या दशकात ब्रिटनमधली बेकारी सरासरी २ टक्क्यांच्या आत होती. १९३३ च्या सुरुवातीला विमाधारक कामगारांपैकी पाचातला एकाहून जास्त बेकार होता. माणसं तीच होती. काम मिळालं, तर केलं.

हिशेबी

आजींची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण एका आजीवरून धोरण ठरत नाही. १९३१ मध्ये तिजोरी रिकामी होती, पौंड कोसळत होता. पैसा मोजका असेल तर आधी कुणाला द्यायचा हे बघावंच लागतं. दुसरं, बेकारी बेव्हरिज अहवालाने (ज्यावर १९४८ च्या सुधारणा उभ्या राहिल्या) हटली नाही, शस्त्रं बनवायला लागल्यावर हटली. हे तुम्ही सोयीने गाळलंत. तिसरं, त्याच काळात कॉव्हेंट्री, स्लाऊ, लूटनला मोटारींचे नि विजेच्या सामानाचे कारखाने माणसं शोधत होते. तिकडे जायचं होतं.

मी चाळीस वर्षं पगारातून कर भरलाय. आमच्याच सोसायटीत दारात चारचाकी असलेला माणूस पिवळ्या रेशनकार्डावर धान्य उचलतो. तपासणी नको म्हणणाऱ्यांना हे कधी दिसत नाही.

टाइनकाठ

जायचं होतं म्हणजे? गेलेच की! दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एकट्या वेल्समधून, बहुतेक साउथ वेल्सच्या खाणींच्या भागातून, जवळपास चार लाख माणसं बाहेर पडली. मागे राहिले ते म्हातारे, खाणीत छाती खराब झालेले आणि ज्यांचं घर विकत घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं असे. तुमच्या सोसायटीतल्या चारचाकीचा राग जॅरोवर काढू नका.

युद्धाचं म्हणता, तर तेही पूर्ण सांगा. सप्टेंबर १९३९ मध्ये शहरांतली सुमारे १५ लाख माणसं, बहुतेक मुलं, खेड्यांत हलवली. अंगावर धड कपडे नसलेली ती पोरं सुखवस्तू घरांनी पहिल्यांदा जवळून पाहिली. दहा वर्षं जे आकड्यांत होतं ते त्यांच्या स्वयंपाकघरात आलं. १९४१ मध्ये घरभर उत्पन्न मोजायची पद्धत गेली, तीही चर्चिलच्या सरकारात.

गिरणगावकर

हिशेबी, तुम्ही कधी बेकार बापाच्या घरात राहिलाय का? १९८२ च्या संपात आमच्या वडिलांची गिरणी बंद झाली ती झालीच. भत्ता वगैरे आपल्याकडे प्रश्नच नव्हता. थोरला भाऊ औषधाच्या दुकानात लागला आणि त्याच्या पगारावर सहा माणसं जगली. वडील त्याच्याशी नीट बोलेनात. पोराच्या जिवावर खातोय हे त्यांना आतून पोखरत होतं. हे कुणी जबरदस्ती न करता झालं. ब्रिटनमध्ये तर कायद्यानेच बापाला पोराच्या ताटावर बसवलं. तपासणी करा, पण माणसाची करा, घराची झडती नको.

व्हॅलीतली नर्स

सगळे बापांबद्दलच बोलताय! मी साउथ वेल्समध्ये बावीस वर्षं नर्स आहे. १९११ च्या विम्याने कामगाराला डॉक्टर मिळाला, त्याच्या बायकोला आणि पोरांना नाही. जुन्या पेशंट बायका त्यांच्या आयांबद्दल सांगायच्या. बाळंतपणानंतर अंग बाहेर आलेलं, आणि वर्षानुवर्षं फडकं बांधून काम करायच्या, कारण डॉक्टरची फी म्हणजे आठवड्याचा किराणा. ५ जुलै १९४८ ला मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, त्यानंतर त्या दवाखान्यात आल्या. पहिल्या वर्षात चष्मेच ५० लाखांच्या घरात वाटले गेले. याला लोक उधळपट्टी म्हणतात. मी म्हणते, इतकी माणसं इतकी वर्षं नीट दिसत नसताना जगत होती!

आणि बेव्हरिजची आरती मीही करणार नाही. लग्न झालेल्या बाईला त्याने नवऱ्याची आश्रित म्हणूनच धरलं. मुलांचा भत्तासुद्धा आधी बापाच्या हातात जाणार होता. खासदार एलिनॉर रॅथबोन भांडल्या म्हणून आईला मिळाला.

रुपया-आणा

सगळं छान. पैसा कुणाचा होता?

बेव्हरिज अहवाल डिसेंबर १९४२ चा. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये २० ते ३० लाख माणसं भुकेने मेली. हा बेव्हरिज जन्मला कुठे? बंगालमध्ये, रंगपूरला. युद्धासाठी भारतातून माल उचलला, त्याचे रुपये इथे छापले, महागाई आपण सोसली, आणि बदल्यात लंडनच्या खात्यात पौंड मांडले, जे हवे तेव्हा काढता येत नव्हते. युद्ध संपेपर्यंत हे देणं सुमारे १३० कोटी पौंडांवर गेलं. चष्मे तिकडे, दुष्काळ इकडे.

टाइनकाठ

विषय मीन्स टेस्टचा आहे. यावर वेगळा धागा काढा.

रुपया-आणा

का काढू? इंग्रजांच्या गरिबीवर रडायला धागा आणि आपल्या मेलेल्यांना तळटीप?

हिशेबी

रुपया-आणा यांच्याशी सहमत. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणं सोपं असतं.

गिरणगावकर

अर्धवट सांगू नका. पौंडांचं देणं बुडवावं असं तिकडे बरेच जण म्हणत होते, तरी ते बुडालं नाही. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत आपल्या शिष्टमंडळाने हा प्रश्न लावून धरला, त्यात आपले चिंतामणराव देशमुख होते. पुढे तो पैसा हप्त्याहप्त्याने मिळाला, पन्नाशीत आपण वापरला. १९४८ च्या ब्रिटनकडे भारताचं सोनं नव्हतं, अमेरिकेचं ३७५ कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि वर मार्शल योजनेची अमेरिकन मदत.

आणि बंगालचा राग जॅरोच्या बेकारावर का? १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला डार्वेनला गेले होते. विलायती कापडावरच्या आपल्या बहिष्काराचाही फटका बसलेले ते गिरणी कामगार, त्यांनी प्रेमाने स्वागत केलं. मुंबईचे शापुरजी सकलातवाला लंडनच्या बॅटर्सीतून खासदार झाले ते तिथल्या कामगारांच्या मतांवर.

रुपया-आणा

मिळाला, पण कधी? भुकेच्या वेळी तो पैसा गोठलेला होता. आणि त्यातूनच लष्करी सामानाची किंमत नि गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं वळती करून घेतली. कामगाराला मी दोष दिलेला नाही. पण १९४८ चं कौतुक करताना ही बाजू सांगायची नाही, हे चालणार नाही.

टाइनकाठ

बाजू खरी आहे, सांगायलाच हवी. पण ती मीन्स टेस्टच्या बाजूने पुरावा होत नाही, आणि हिशेबी तसा वापर करताहेत.

हिशेबी

बरं, मुलाच्या पगारासाठी बापाचा भत्ता कापणं चूक, एवढं सोडतो. चर्चिलच्या सरकारालाही ते चूक वाटलं असेल तर मी एकटा कशाला भांडू! पण तपासणी १९४८ ला गेली हे तुमचं म्हणणं खोटं आहे. नॅशनल असिस्टन्स म्हणजे काय होतं? उत्पन्न बघूनच मदत. १९४९ पर्यंत दहा लाखांवर लोक त्यावर होते.

टाइनकाठ

गेली असं मी कुठे लिहिलंय? राहिली, आणि तेच त्या सुधारणेचं अपयश आहे. विम्याची रक्कम इतकी तुटपुंजी ठेवली की घरभाडं भागेना, म्हणून म्हातारी माणसं तपासणीच्या दारात गेली. ज्यांना तिसाव्या दशकातली झडती आठवत होती त्यातली बरीच तेवढंही मागायला गेली नाहीत. अर्ज केला नाही म्हणून ती तुमच्या हिशेबात गरजूच नाहीत.

रुपया-आणा

पेन्शनांच्या मुद्द्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. थांबलोय.